चावडीवर न लागलेली नोटीस

शनिवार, 13 नोव्हेंबर 2021. चांदूर बाजारकडे आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली, वेचणीचा कापूस घरात येऊ लागलेला. तालुक्यातल्या बऱ्याच घरांचे एक तरी माणूस अमरावतीत असतेच. कोणाची पोरगी कॉलेजला, कोणाचा भाऊ नोकरीला, कोणाची आई दवाखान्यात. त्या दिवशी अमरावतीला पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक उमटायची आणि तिथेच थांबायची. दुसरी उमटत नव्हती. शहरात संचारबंदी होती आणि मोबाईलचे इंटरनेट बंद केलेले होते.

ठिणगी दूरची होती. ऑक्टोबरअखेर त्रिपुरात झालेल्या जातीय तणावाच्या घटनांच्या निषेधात 12 तारखेला अमरावती, नांदेड, मालेगावात मोर्चे निघाले आणि दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी भाजपने अमरावती बंदची हाक दिली. त्या बंदमध्येही दुकाने फुटली, जाळपोळ झाली. त्रिपुरात नेमके काय झाले यावर तेव्हा मोबाईलवर खऱ्याखोट्या चित्रफिती एकमेकींवर आदळत होत्या. गोमती जिल्ह्यात मशिदीची नासधूस झाल्याच्या बातम्या खोट्या असल्याचा खुलासा केंद्रीय गृहखात्याला त्याच शनिवारी करावा लागला. दुसरीकडे, त्रिपुरातल्या घटनांवर लिहिणाऱ्यांवर तिथल्या पोलिसांनी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) गुन्हे नोंदवले होते. त्यातल्या दोन वकिलांना आणि एका पत्रकाराला 17 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले.

म्हणजे एकाच प्रकरणात दोन राज्यांच्या सरकारांनी दोन हत्यारे उपसली. आगरतळ्यात लिहिणाऱ्याला धरले, अमरावतीत सगळ्यांचीच तार बंद केली. पहिले हत्यार आपल्या ओळखीचे आहे. दुसरेही तितकेच जुने आहे, फक्त ते फार वर्षे म्यानात होते.

बंडवाल्यांचे काम सरकारने घेतले

1857 च्या उठावात तारयंत्राने इंग्रजांना मोक्याच्या वेळी खबर पोहोचवली. उठाववाल्यांनाही त्याची किंमत कळली होती. म्हणून त्यांनी जागोजागी खांब पाडले, तारा तोडल्या. तार तोडणे हे तेव्हा बंडखोराचे काम होते.

अठ्ठावीस वर्षांनी तेच काम कायद्याने सरकारच्या हाती आले. 1885 चा तेरावा कायदा, म्हणजे भारतीय तार अधिनियम, त्या वर्षी 1 ऑक्टोबरला अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात दोन प्रसंग सांगितले होते. एक सार्वजनिक आणीबाणी, दुसरा सार्वजनिक सुरक्षितता. यांपैकी एक उद्भवला की सरकारने संदेश अडवावा, मधेच वाचावा किंवा तारेचा ताबाच घ्यावा. आणीबाणी कशाला म्हणायची, ती कोणी ठरवायची, ठरवणारा चुकला तर दाद कुठे मागायची, याबद्दल कायदा गप्प होता. त्याच वर्षी डिसेंबरअखेर मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली. ही दोन्ही भावंडे एकाच सालची. पुढे बारा वर्षांनी त्यांतल्या एकाचे बिऱ्हाड अमरावतीला आले.

अमरावतीचा मांडव

डिसेंबर 1897 मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. स्वागताध्यक्ष होते इथलेच वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे. अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर. हेच नायर पुढे जालियनवाला बागेनंतरच्या दडपशाहीवरून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देणार होते.

मांडवात एक माणूस नव्हता, आणि त्याचे नसणेच सगळ्यांना जाणवत होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच, 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी, त्याच्या आठवडाभर आधी ‘केसरी’त आलेला शिवाजी महाराजांवरचा मजकूर, या सगळ्याची सांगड घालून सरकारने 27 जुलैला टिळकांना पकडले होते. खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत नऊजण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. राजद्रोहाच्या कलमातल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ स्ट्रेचीसाहेबांनी लावला तो असा, की सरकारविषयी प्रीती नसणे हीच अप्रीती. 14 सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्याच्या नातूबंधूंना तर खटलाही मिळाला नाही. 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली त्यांना नुसते उचलून स्थानबद्ध केले.

अमरावतीच्या मांडवात यावर बोलणे झाले. आणि ते नेमके होऊ शकले, याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. टिळकांवरचा आरोप छापून आला होता. साक्षी छापून आल्या होत्या. स्ट्रेचीसाहेबांनी ज्यूरीला काय सांगितले तेही लोकांनी वाचले होते. निकाल अन्यायाचा होता, पण वाचता येत होता. जे वाचता येते त्याला खोडून काढता येते. नातूंच्या बाबतीत खोडायला कागदच नव्हता, म्हणून तिथे तक्रार वेगळी होती. आरोप तरी सांगा, एवढीच.

सरकारने उत्तर दिले ते दोन महिन्यांच्या आत-बाहेर. 1898 च्या चौथ्या कायद्याने राजद्रोहाचे 124-अ कलम आणखी रुंद केले, त्यात द्वेष आणि तिरस्कार हे शब्द घातले. अफवांविषयीचे 505 कलम नव्याने लिहिले. आणि दंडसंहितेत एक नवे कलम बसवले, 153-अ. समाजातल्या वर्गावर्गांत शत्रुत्व पसरवणे हा गुन्हा ठरला. आज मोबाईलवरच्या पोस्टवरून पोलीस ठाण्यात वाद पोहोचला की बहुधा हेच कलम बाहेर निघते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक 196 झाला आहे. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लागणाऱ्या कलमाचा जन्म अमरावतीच्या अधिवेशनानंतरच्या हिवाळ्यातला आहे.

छापणाऱ्याचे नाव

लिहिणारा सापडला नाही तर काय, हा प्रश्न सरकारला त्याही आधीपासून होता. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, मुद्रणस्थळ अमुक. कोणी ती वाचत नाही. पण 1867 च्या मुद्रण कायद्याने ती सक्तीची झाली, कारण प्रत्येक छापील कागदाला पकडण्याजोगा एक माणूस हवा होता. तो कायदा 2024 पर्यंत टिकला.

1878 मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी आणखी एक पाऊल टाकले. छापखानदाराने आधीच जामीन लिहून द्यायचा, मजकूर पटला नाही तर यंत्र जप्त. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने या कायद्याला गुंगारा देण्यासाठी बंगाली सोडून इंग्रजी धरली. रिपनच्या काळात तो कायदा गेला, पण युक्ती गेली नाही. 1910 च्या प्रेस कायद्याने पुन्हा छापखान्याकडून अनामत मागितली. यात शहाणपण असे होते, की सरकारला प्रत्येक लेख वाचत बसायचे कारण उरत नाही. अनामत अडकलेला छापखानदारच लेखकाचे हस्तलिखित भिंगाखाली धरतो. दरम्यान 1908 मध्ये टिळक राजद्रोहाखाली दुसऱ्यांदा शिक्षा होऊन मंडालेला गेले होते. त्यांच्या अपिलासाठी अमरावतीचे खापर्डे थेट विलायतेला गेले. अपील ऐकणारे कोणीतरी सातासमुद्रापलीकडे का होईना होते, म्हणून जाता आले.

तीन शब्दांचे कलम

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. त्याचे मूळ लक्ष व्यापारावर आणि डिजिटल सहीवर होते. बोलण्यावरचा लगाम नंतर आला. 2008 च्या दुरुस्तीने त्यात 66-अ कलम घातले. संदेश फार आक्षेपार्ह असला, त्रासदायक असला किंवा गैरसोयीचा असला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेप कोणाचा, त्रास किती, गैरसोय कोणाची, हे सांगितलेले नव्हते. स्ट्रेचीसाहेबांची ‘अप्रीती’ नवे कपडे घालून परत आली होती.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिले. दोघींनाही अटक झाली. जामीन मिळाला, पुढे प्रकरण बंदही झाले. पण ही बातमी वाचून कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेल्या श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी 66-अ पूर्णपणे रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताची तरफदारी करणे आणि थेट चिथावणी देणे यांत न्यायालयाने फरक केला. सरकारचा हात फक्त तिसऱ्यापर्यंत पोहोचू शकतो, असे सांगितले. टिळकांच्या वकिलांना 1897 मध्ये हीच रेघ हवी होती.

राईनपाड्यानंतर

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती. सरकार दाबते, न्यायालय सोडवते. पण 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी जमावाने पाच माणसे ठेचून मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवर आधीच फिरत होती. या खुनांमागे कोणाचा मजकूर होता म्हणावे? मूळ लिहिणारा अज्ञात, पुढे पाठवणारे हजारो, आणि प्रत्येकाच्या मनात काळजी, म्हणजे हेतू चांगलाच. तळाशी मुद्रकाची ओळ नसलेला कागद कसा असतो ते राईनपाड्यात दिसले.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सरकारला तेवढ्याने समाधान नव्हते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या कंपन्यांना सांगितले गेले, की मागितल्यावर मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्यावे. व्हॉट्सॲप या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की एकाचा माग काढता यावा म्हणून सगळ्यांच्याच पत्रांची मोहोर फोडावी लागेल. 1867 ची ओळ प्रत्येक मेसेजच्या तळाशी हवी का, असा हा वाद आहे.

चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानला या वादाचे एक गमतीचे पूर्वसूत्र आहे. तिथले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (1881–1915) यांनी ‘नावंग’ नावाची स्वतःची भाषा रचली होती. डोळ्यांनी अंध असलेल्या माणसाने, पस्तिशीही न गाठता, वेदांतावर अफाट लिहून झाल्यावर आणखी एक वेगळी भाषा रचावी! तिचा आणि राजकारणाचा संबंध नाही. पण आपल्यापुरते, आपल्या माणसांपुरते बोलता यावे ही ओढ गुन्हेगाराचीच असते असे मानणाऱ्याने माधानला एक चक्कर मारावी.

छापखानदाराचा प्रश्नही नव्या रूपात परत आला होता. ग्रुपवर कोणी घाण टाकली तर ॲडमिन जबाबदार का? गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर 2016 मध्ये असा गुन्हा नोंदला गेला होता. वऱ्हाडाचेही उच्च न्यायालय म्हणजे नागपूर खंडपीठ. तिथे 1 मार्च 2021 रोजी न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि अमित बोरकर यांनी तो रद्द केला. ॲडमिनला माणसे घेता येतात आणि काढता येतात, पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा संगनमताचा बेत दिसला नाही तर दुसऱ्याच्या मेसेजचे पाप त्याच्या माथी नाही. गावोगावच्या ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’वाल्यांनी तेव्हा सुस्कारा टाकला असेल.

मग उरली तार

लिहिणारा सापडत नाही, नेणारा जबाबदार नाही, मोहोर फुटत नाही. अशा वेळी रस्त्यावर दगड उडत असतील तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने करावे काय? त्याच्या जागी बसून पाहिले तर तार बंद करण्याचा मोह समजतो. राईनपाड्याचे चित्र डोळ्यांपुढे असेल तर अधिकच. 1885 चे पाचवे कलम असे म्यानातून बाहेर आले.

आधी हे काम जमावबंदीच्या 144 कलमाखाली चालायचे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने तार कायद्याखाली स्वतंत्र नियम केले. आदेश गृह सचिवाने काढावा, कारणे लिहावीत, आणि पुनर्विलोकन समितीने पाच कामाच्या दिवसांत तो तपासावा. राज्यातल्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे आदेश काढणाराही कचेरीतला आणि तपासणारेही त्याच कचेरीतले.

काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 पासून इंटरनेट बंद होते. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयात सुरुवातीला बंदीचे सगळे आदेश पुढे ठेवलेच गेले नाहीत. 10 जानेवारी 2020 च्या निकालात म्हणूनच एक वाक्य सर्वांत जड आहे. आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे ज्याला बाधा झाली त्याला दाद मागता येईल. अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही, हेही त्यात सांगितले. नोव्हेंबर 2020 मध्ये नियमांत पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आली. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत एन. व्ही. रमणा, आर. सुभाष रेड्डी आणि भूषण गवई होते. गवई अमरावतीत जन्मले. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

त्यांच्या जन्मगावाची तार बंद झाली ती या निकालानंतर बावीस महिन्यांनी. कदाचित बंदी गरजेची होती. तिने एखादा दगड थांबवला असेल, एखादी अफवा गावाबाहेरच गारठली असेल. पण त्या दिवसांत संचारबंदीतल्या माणसाला औषधाचे पैसे फोनवरून देता येत नव्हते, पोरांचा ऑनलाइन तास बुडत होता, आणि बाहेर काय खरे काय खोटे हे पडताळायचे साधनही बंदच होते. सरकारचा खुलासासुद्धा त्याच बंद तारेवरून यायचा होता. फायदा जास्त झाला की तोटा, हे मोजायला आकडे हवेत. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने, शशी थरूर तिचे अध्यक्ष होते, नेमके पुढच्याच महिन्यात अहवाल मांडला. देशात इंटरनेट किती वेळा बंद केले याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय, असे त्यात निघाले.

त्यानंतर 13 मे 2023 रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, नेट बंद झाले. जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईल स्टेटसवरून तेच. अमरावतीत 21 जून 2022 च्या रात्री झालेला एका औषध व्यावसायिकाचा खून समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून झाला, असा राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) आरोप आहे. तिथे तर बोलणाऱ्याला गप्प करायला कायद्याची वाटही पाहिली गेली नाही. सुरी सरकारच्याच हातात असते असे नाही, हेही या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

पंधरा दिवस

2023 मध्ये सरकारने आणखी एक खुर्ची मांडून पाहिली. केंद्राच्या कारभाराविषयी इंटरनेटवर काय खोटे आहे ते केंद्राचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. विनोदकार कुणाल कामरा त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. 31 जानेवारी 2024 रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी उचलून धरला. बरोबरी फोडायला प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. त्यांचे नाव अतुल चांदूरकर. 20 सप्टेंबर 2024 रोजी त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. आडनाव ऐकून आमच्या भागात कोणीतरी ‘आपलेच असतील का हो?’ म्हणणारच. निकाल कोणाचाही असो, आपल्या खटल्यात आपणच न्यायाधीश व्हायचे नाही, हे मात्र चावडीवर बसलेल्या माणसालाही पटते.

1885 च्या तार कायद्याच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा आला, नोव्हेंबर 2024 मध्ये बंदीचे नवे नियमही आले. तारा जमिनीत गेल्या, मग हवेत गेल्या. पण सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता हे दोन शब्दप्रयोग नव्या कायद्यातही जागच्या जागी आहेत.

चांदूर बाजारच्या कोणाही शेतकऱ्याला एक रीत माहीत असते. भावाभावांत अर्ध्या एकराची वाटणी झाली तरी फेरफाराची नोटीस चावडीवर लागते. नाव, गट नंबर, कोणाकडून कोणाकडे, सगळे लिहिलेले. हरकत असेल त्याने पंधरा दिवसांत सांगावी. कोणाला हरकत नसली तरी नोटीस लागते, कारण हरकत घेता येणे हाच त्या जमिनीच्या कागदाचा भरवसा. इंटरनेट बंदीचा आदेशही जास्तीत जास्त पंधरा दिवस चालतो. फेरफारात ते पंधरा दिवस लोकांचे असतात. बंदीत सरकारचे. आणि आदेश लावायचा कुठे, हे अजून कोणी चावडीला सांगितलेले नाही.